सात नंबरचा मुक्कामी

आमच्या खोऱ्यातल्या कॅम्पवर कोणालाही चौदा दिवसांहून जास्त राहता येत नाही. नियम सर्वांना सारखा आहे. मागे एक गृहस्थ तेराव्या दिवशी कड्यावरून घसरून पाय मोडून घेऊन आले, तेव्हा पंधराव्या दिवशी सकाळी त्यांना आधी उचलून फाटकाबाहेर ठेवले आणि मग रुग्णवाहिका बोलावली.

मी या कॅम्पचा यजमान होतो. कचेरीच्या भाषेत यजमान म्हणजे संडास धुणारा, अस्वलांनी उघडू नयेत म्हणून खाण्याच्या लोखंडी पेट्या तपासणारा आणि आल्यागेल्याची नोंद करणारा. त्याआधी चाळीस वर्षे मी याच डोंगरांत गुरांच्या कुंपणाच्या तारा ओढल्या. माझ्याकडे दोन वह्या होत्या. तपकिरी माणसांची, हिरवी पक्ष्यांची. मे महिन्यात हिरवी भरली. नवी मागवली तर उत्तर आले की मागणीचा अर्ज जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर करायचा असतो. त्या पानावर मी घुबडे लिहून बसलो होतो.

त्याच आठवड्यात सात नंबरच्या जागेवरच्या सायकॅमोरच्या झाडाच्या ढोलीत ट्रोगनची जोडी उतरली. हिरवी पाठ, लाल पोट, पिवळी चोच. हा पक्षी सीमेपलीकडून येतो आणि त्याला बघायला अर्धा देश गळ्यात दुर्बिणी अडकवून आमच्याकडे येतो. नोंद न करून कसे चालेल? मी तपकिरी वहीत लिहिले. नाव: ट्रोगन. कुठून: मेक्सिको. संख्या: दोन. वाहन क्रमांक: नाही. जागा: सात.

पंधराव्या दिवशी नोटीस आली. ‘श्री. ट्रोगन व सोबती यांनी जागा तत्काळ रिकामी करावी.’ मी जिल्हा कचेरीला फोन लावला. मुक्काम विभागाच्या पेटिग्रूबाईंनी उचलला.

“बाई, तो पक्षी आहे.”

“तसं वहीत कुठं लिहिलंय, काका?”

“आता लिहितो.”

“खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती मुक्कामी माणसानं स्वतः करायची. सहीनिशी.”

“त्याला सही येत नाही.”

“मग अंगठा घ्या.”

मी झाडाखाली जाऊन नीट पाहिले. ट्रोगनची दोन बोटे पुढे असतात, दोन मागे. त्यातला अंगठा कोणता, हे नियमावलीत नव्हते.

दुपारी ओपलबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे नवे, जन्म शाळेची बस चालवण्यात गेलेला. अकरा महिन्यांपूर्वी त्यांनी सात नंबरची जागा राखून ठेवली होती. त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

“जागा भरलेली आहे,” मी म्हणालो.

“कोणी घेतली?”

मी वर बोट दाखवले. त्यांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाही.

“अहो, याला बघायला मी चार दिवस गाडी हाकली. आणि हाच माझ्या जागेवर?”

“मुदत संपलीये त्याची. उठवायला माणसं येणारेत.”

“उठवून तर बघा म्हणावं. मादी अंड्यांवर बसलीये.”

आणि त्यांनी घडीची खुर्ची रस्त्याच्या कडेला टाकली. रस्ता कोणत्याच जागेत मोडत नाही, त्यामुळे त्यांना उठवण्याची नोटीस काढता येईना.

दुसऱ्या दिवशी पेटिग्रूबाई स्वतः आल्या. सोबत दोन माणसे, शिडी आणि ढोलीच्या तोंडाला ठोकायची जाळी. बाईंनी मान वर करून पाहिले.

“पक्षीच आहे की,” त्या म्हणाल्या.

मला बरे वाटले.

“पण हे माझं खाजगी मत झालं. कागदावर मुक्कामी आहे. चोवीस तास बाहेर राहू दे, मग पुन्हा चौदा दिवस येऊ दे. आमची काही हरकत नाही.”

“चोवीस तासांत अंडी थंड पडतील,” ओपलबाई म्हणाल्या.

“अंड्यांची नोंद नाही, मॅडम. संख्या दोनच लिहिलीये.”

माणसे शिडी लावू लागली. मी नियमावली काढली. मला अक्षरे पन्नाशीत आली, त्यामुळे ओळ गाळून वाचायची सवय मला लागलेली नाही. कलम एकतीस, खाली बारीक टाइपात: चौदा दिवसांची मर्यादा यजमानास लागू नाही.

“बाई, मी राजीनामा देतो,” मी म्हणालो. “यजमानाची जागा श्री. ट्रोगन यांना द्या.”

पेटिग्रूबाईंनी कलम दोनदा वाचले. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. पक्ष्याला हाकलण्याचा त्यांना आनंद नव्हताच, फक्त रकाना मिळत नव्हता.

“जागेवरच राहतो?”

“हलत नाही म्हणून तर तुम्ही आलात.”

“गणवेश?”

“हिरवा कोट.”

“खाली लाल दिसतंय.”

“आतलं बनियन असेल,” ओपलबाई म्हणाल्या.

“लोकांशी बोलतो?”

“सकाळी थोडं. आवाज बेडकासारखा आहे.”

“चालेल,” बाई म्हणाल्या, “आमच्या साहेबांचाही तसाच आहे.” आणि त्यांनी शिक्का मारला. जाळी गाडीत परत गेली.

जुलैत ढोलीतून तीन पिल्ले उडाली. ती मी रस्त्याच्या कडेवरून पाहिली, ओपलबाईंच्या शेजारी खुर्ची टाकून, त्यांच्याच डब्यातल्या घेवड्यावर टॉर्टियाची पोळी मोडत. कारण राजीनाम्यानंतर मी साधा मुक्कामी झालो होतो आणि माझे चौदा दिवस जूनमध्येच संपले होते. अकरा वर्षे एका जागी उभ्या असलेल्या माझ्या राहत्या गाडीची चाके जमिनीत रुतली होती. ती उकरून काढावी लागली. आता मी तीन कॅम्पांमध्ये चौदा-चौदा दिवस फिरतो. मेक्सिकोहून आलेल्याला कायमची जागा मिळाली. माझा आजा इथे जन्मला, तो मी फिरतीवर.

ऑक्टोबरात ट्रोगन दक्षिणेला गेला. त्याने रजेचा अर्ज दिला नाही, म्हणून तो कागदावर हजर राहिला.

परवा पेटिग्रूबाई वाटेत भेटल्या. म्हणाल्या, “काका, राग मानू नका, पण तुमच्यापेक्षा नवा यजमान लोकांना जास्त पटलाय.” आणि त्यांनी अभिप्रायाच्या कागदांचा गठ्ठा दाखवला. दोनशे बारा कागद होते. यजमान उंच जागी बसतो. हाक मारली की पाठ फिरवतो. काही विचारले तर उत्तर देत नाही. संडास धुतलेले नव्हते. आणि खाली शेरा: नेहमीप्रमाणे, समाधानकारक. हा पक्षी आहे असे एकानेही लिहिले नव्हते.

डिसेंबरचे कागद वेगळे बांधले होते. तेव्हा तर ढोली रिकामी होती. ‘यजमान जागेवर होता का?’ या प्रश्नापुढे सगळ्यांनी ‘होय’वर खूण केलेली.

तुम्ही नाताळात आला होतात ना? तुमचा कागद वरून तिसरा आहे. अक्षर छान आहे तुमचे.