पुडिंगची कडक तपासणी

बॉयलर-तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाने स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, असा कायदा अद्याप कोणी केलेला नाही. त्यामुळे त्या रविवारी तपासनीसांनी बाह्या सरसावल्या, तेव्हा त्यांना अडवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

निमित्त साडूंचे. मागील खेपेस साडूंनी स्वहस्ते भाजलेली कोंबडी वाढली आणि मेहुणीने चारचौघांत सांगितले, "आमच्या ह्यांच्या हाताला चव आहे. पुरुषांत असं क्वचितच!" तेव्हापासून तपासनीसांना अन्न गोड लागेना. आता साडू सपत्नीक जेवायला यायचे होते. तोंडी लावायला मक्याचे पुडिंग आपण जातीने करणार, असे तपासनीसांनी फोनवर परस्पर जाहीर करून टाकले. (पुडिंग कशाशी खातात, हे त्यांना ठाऊक नव्हते, परंतु अधिकारी माणसाचे अशाने काही अडत नाही.)

मक्याचे कोवळे दाणे, दूध, अंडी, लोणी, सारे पत्नीने मोजून पुढ्यात ठेवले. त्यांनी ते ढवळले. भांडे ओव्हनमध्ये गेले आणि तपासणीस प्रारंभ झाला.

ओव्हनचे दार उघडावे, पत्नीची विणकामाची सुई पुडिंगच्या पोटात खुपसावी, चष्मा वर करून ती निरखावी आणि नापसंतीने मान हलवून दार लावावे. लावले न लावले तोच पुन्हा उघडावे.

"अहो, सारखं दार उघडलं तर ते शिजायचं कधी?"

"अगं, मी जन्मभर बॉयलर तपासले आहेत!"

"ते बंद असताना ना? मग ह्याला चालू असताना कशाला छळताय?"

ह्यावर त्यांनी दार पुन्हा उघडले. पुडिंगची चाळणी झाली होती. मधोमध दूध खुशाल डुचमळत होते. साडू यायची वेळ होत आली होती.

"हे पाहिलं तर तो मरेपर्यंत ऐकवेल गं," ते पुटपुटले. त्या आवाजात अधिकारी औषधालाही उरला नव्हता.

पत्नीला दया आली. "एवढे कागदी रुमाल आणता? फिकट पिवळेच हवेत. नीट पारखून घ्या हं, हल्ली दुकानदार फसवतात."

फसवणुकीचे नाव निघताच तपासनीस पिशवी घेऊन ताठ मानेने बाहेर पडले. दुकानामागून दुकान पालथे घालून, रुमाल उजेडात धरधरून, शेवटच्या दुकानदाराला हात जोडायला लावूनच ते परतले. तेवढ्यात साडू दारातच भेटले.

टेबलावर पुडिंग सोनेरी होऊन बसले होते. सुईची भोके चीजच्या खरपूस थराखाली गडप झाली होती. साडूंनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, हरलो बुवा!"

"त्याचं असं आहे," तपासनीसांनी घसा खाकरला, "देखरेख हवी. डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. क्षणभरही हलून चालत नाही." देखरेखीवरचे हे व्याख्यान ताटांतले अन्न निवेपर्यंत चालले.

त्यांनी पाणी प्यायला पेला उचलला, तेवढ्या शांततेत मेहुणीने विचारले, "ताई, खरं सांग, काय केलंस? आमचं तर मधोमध कच्चंच राहतं."

"काही नाही गं. भांडं आत ठेवलं आणि ह्यांना बाहेर पाठवलं."

मेहुणीने आपल्या नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळले. मग गंभीरपणे विचारले,

"किती लांब?"