शहाण्णव तास

गांगुर्डेमामा कुठल्याही वस्तूचं वय तासांत विचारत. मी जुनी स्कूटर घेतली, तेव्हा हातातला पेढा तसाच धरून ते म्हणाले, "मास्तर, तास किती झाले हिचे?"

"चार वर्षं झाली."

"वर्षं कॅलेंडराला. इंजिनाला तास!"

माझ्या मुलीच्या बारशालाही त्यांनी पाळण्यात डोकावून हाच प्रश्न केला. आईने त्यांना त्या दिवशी बुंदी जरा बेतानेच वाढली.

मामा आमचे शेजारी, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. आणीबाणी उठली त्या साली निवृत्त झाले. निवृत्त माणसं पिठाची गिरणी टाकतात. मामांनी स्पीडबोट घेतली. मुंबईच्या कुणा शेठची, गंगापूर धरणावर ताडपत्रीखाली पडलेली. शेठचा माणूस म्हणाला, "नवीच समजा." मामांनी प्लग काढला, दाब किती उरलाय ते बघायला भोकावर अंगठा धरून इंजिन फिरवायला लावलं, तेल बोटावर घेऊन हुंगलं.

"लय दामटलंय. उघडल्याबिगर पाण्यात घालणार नाय."

दोन महिने ते इंजिन त्यांच्या ओट्यावर सुटं पडलं होतं आणि मामींचे पापड माझ्या गच्चीवर. पुढेही नियम ठरला: दर शंभर तासांनी इंजिन उघडायचं, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा बदलायच्या, वहीत नवं पान घेऊन पुन्हा शून्यापासून मोजायचं. "नव्याण्णव चालंल, एकशे एक नाय."

दर रविवारी दोघं धरणावर. मामी कळवणकडच्या, पोहता येत नव्हतं, पण भीती वाटायची ती मामांनाच. ते बोट बैलगाडीसारखी हाकत. मामी पदर कानांभोवती आवळून ओरडायच्या, "अहो, पळवा की! कुणासाठी राखताय?" मग बोट सुटायची आणि काठाला लागेपर्यंत मामी हसत असायच्या.

एका उन्हाळ्यात मामी गेल्या. वहीत आकडा होता शहाण्णव. बोट पुन्हा ताडपत्रीखाली गेली.

मामांचं नुसतं बसून राहणं मला बघवेना. पिंपळगावचा एक द्राक्षबागाईतदार मीच गिऱ्हाईक म्हणून आणला. गडी जाणता निघाला, पहिलाच प्रश्न, "तास किती?" मला वाटलं, मामा खूश होतील. ते हळूच म्हणाले, "शहाण्णव."

"मग इंजिन उघडून, रिंगा बदलून द्या."

मामांनी वही मिटली. "नाय जमणार."

तो गेल्यावर मी चिडलो. "अहो, नियम तुमचाच ना?"

"माझाच. पण उघडलं की शून्य, मास्तर. हे शहाण्णव तास ती संगं बसलीय. ते कुठं टाकू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या रविवारी ते मला धरणावर घेऊन गेले. इंजिनाला हात न लावता त्यांनी एक वल्हं मला दिलं, एक स्वतः घेतलं. ती दांडगी बोट हलवताना आम्हा दोघांना घाम फुटला. काठावर जाळी विणणारे लोक खुशाल हसत होते. मधोमध आल्यावर आम्ही थांबलो. पाणी इतकं निवांत होतं की ढग बोटीखालून चालल्यासारखे वाटत होते. मामींची जागा रिकामीच ठेवली होती.

"वल्ह्याचे तास धरत नाय," मामा म्हणाले. मग त्या जागेकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "पळवू का?"

मी वल्हं उचललं आणि जमेल तेवढ्या जोरात मारायला लागलो.