वय महाराजा

गुणाजी गावकरांचं सरकारी आरोग्यसेवेबद्दल एक ठाम मत होतं, आणि लवूच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलं की ते सुरू होत असे.

"सरकारान दवाखाने बांधूचेच नायत," ते मागे वळून म्हणत. "त्येच्यापेक्षा गाड्यो देवच्यो. आडबंदरचो माणूस आजारी पडलो की जाता खंय? गोव्याक. मगे हय दवाखानो होयो कित्याक?"

"खरां आसा, काका," लवू म्हणे. वळणावर वाद घालू नये, एवढं ड्रायव्हरला कळतं.

गुणाजी एसटीत कंडक्टर होते. उभा जन्म त्यांनी अशा माणसांशी बोलण्यात घालवला होता, ज्यांना मधेच उतरता येत नव्हतं. निवृत्तीनंतर श्रोते कमी झाले, मतं मात्र वाढली. मोबाइलबद्दल त्यांचं मत असं की फोनच्या पाठीला जितके कॅमेरे जास्त, तितका तो बाळगणारा आंधळा. गेमबद्दलचं मत ते मुलाच्या, म्हणजे सुदेशच्या, तोंडावरच सांगत. सुदेश पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला न्यायचा. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की दिवसभर कानात इयरफोनची बोंडं घालून फोनवर लढाई खेळायचा. "खोट्या माणसांका मारून खऱ्या माणसाच्या ताटात मासो पडणा नाय," असं गुणाजी म्हणत, आणि सुदेशच्या कानात बोंडं असल्यामुळे ते मत कुणालाच न लागता भिंतीला लागून परत येई.

मागच्या सीटवर उशीला टेकून विमला बसलेली असे. तिची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीनदा तिला रक्त धुऊन घ्यायला गोव्याला न्यावं लागे, म्हणजे डायलिसिसला. लवूची सासुरवाडी दोडामार्गाला, म्हणून तो त्याच वाटेने नेई. परतताना तिचा चेहरा वाळत घातलेल्या फडक्यासारखा झालेला असे. दुसरा दिवस झोपेत जाई, आणि जरा डोकं वर काढलं की लवूचा हॉर्न पुन्हा दारात.

"अवो," ती हळूच म्हणे, "मतां निवडणुकीच्या दिवशी एकदाच देवची असतत. तुमी रोज देतास."

यावर लवू हसे आणि गुणाजी गप्प बसत. पुढच्या पुलापर्यंत.

खरी चीड आणणारी गोष्ट अशी की आडबंदरच्या सरकारी दवाखान्यात तसलंच एक मशीन होतं. ते आलं तेव्हा फीत कापायला दोन पक्षांचे लोक आले होते. दोघांनी मिळून एक फीत दोनदा कापली आणि दोघेही मशीन आपणच आणलं म्हणून सांगत गेले. ते चालवणारा माणूस आणायचं मात्र दोघांनीही एकमेकांवर सोडलं. तेव्हापासून मशीन प्लास्टिकच्या आवरणात उभं होतं. त्याच्या दांडीवर सिस्टरबाई टॉवेल वाळत घालत. गुणाजींच्या घरापासून ते चालत जाण्याइतकं जवळ होतं. विमलाला संध्याकाळी ओटीवर बसवलं की समोर दवाखान्याचं कौलारू छप्पर दिसे, आणि ती तिकडे पाठ करून बसे.

अशात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटला. 'आपले गाऱ्हाणे आता मोबाइलवर! आपण बोला, आम्ही ऐकतो.' बोललेलं सगळं फोन आपोआप लिहून घेणार आणि थेट वरच्या कार्यालयात पाठवणार होता.

आता घाटावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. मालवणी मुलखात गाऱ्हाणं घालतात ते देवाला. एकाने हात जोडून खणखणीत आवाजात मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. आडबंदरच्या देवळात हा मान गुणाजींचा होता. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच सरकारबद्दल त्यांचं मत बदललं.

"शेवटी सरकाराक अक्कल इली," घरी येऊन ते म्हणाले. "मेल्यांका कळला, हय तक्रार करून कायेक होणा नाय. गाऱ्हाणाच होया!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि ओटीवर पाट मांडला. पाटावर केळीचं पान, पानावर मुंबईला असलेल्या मुलीने, रियाने, पाठवलेला फोन, फोनपुढे नारळ आणि विडा. मग सुदेशला हाक मारली. तो आला तो स्वतःच्या फोनवर लढत लढतच.

"बटाण दाब, आणि माका साथ दी."

"बाबा, जरा थांबा. मधी सोडलंय तर आमची टीम मरतली."

"हय तुझी आवस मरता, तेचा काय?" गुणाजी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं.

सुदेशने मुकाट्याने बटण दाबलं आणि शेजारी उकिडवा बसला. त्याचा एक कान बापाकडे होता, दुसऱ्यात बोंड. "अगरबत्ती फोनाक इतकी जवळ धरू नको," एवढं तो म्हणाला.

गुणाजींनी डोळे मिटले, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या पायाकडे ह्यो तुझो लेकरू उभो आसा..."

"व्हय म्हाराजा," सुदेश म्हणाला. त्याचे अंगठे चालूच होते.

"आडबंदरच्या दवाखान्यात जां मशीन येवन पडला आसा, तेच्यार जी काय कोणाची नजर, कोणाची इडापिडा बसली आसात, ती उचलून सात समुद्रापल्याड ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा! उचल! अरे उचल मेल्या! घेवन पळ! पाठी कोण नाय!"

ही पुढची साथ देवासाठी नव्हती. सुदेशच्या टीममधल्या कुण्या गड्याला समोर पडलेली बंदूक दिसत नव्हती. गुणाजींची मात्र समाधी लागली होती. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आणि माझी विमला... जी सगळो जन्म माझ्या पाठसून चलली, तिका आता माझ्या पुढे न्हेव नको रे म्हाराजा."

या वाक्याला साथ मिळाली नाही. फोन आधीच टुंग करून बंद झाला होता, कारण गाऱ्हाण्याला वेळेची मर्यादा होती. सुदेशचे अंगठे थांबले होते आणि टीम मेली होती. आतल्या खोलीत विमला भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने पदर तोंडात धरला होता. लग्नापासून या माणसाने तिला देशाच्या प्रत्येक प्रश्नाबद्दल मत सांगितलं होतं. तिच्याबद्दल काय वाटतं ते आज सांगितलं, तेसुद्धा सरकारला.

'आपले गाऱ्हाणे प्राप्त झाले' असं उत्तर आलं तेव्हा गुणाजींनी ते बाजारात, देवळात, सलूनमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. थोड्याच दिवसांत दुसरं आलं, 'आपल्या गाऱ्हाण्यावर कार्यवाही सुरू आहे. पथक येत आहे.' सबंध आडबंदर कामाला लागलं. दवाखान्याचं अंगण झाडलं गेलं, सिस्टरबाईंनी टॉवेल काढला. मशीन चालवणाऱ्या माणसाला राहायला खोली हवी म्हणून लवूने आपला माळा रिकामा केला. त्याला मासे चालतात की नाही यावर दोन बायकांत भांडण झालं.

पथक आलं ते टेम्पो घेऊन. पुढून एक तरुण साहेब उतरले. त्यांनी कागदात पाहून विचारलं, "वय महाराजा आपल्यापैकी कोण?"

कुणालाच काही कळेना. गुणाजी पुढे झाले. "म्हाराजा वर देवळात असतत, साहेब. गाऱ्हाणं माझं आहे." साहेबांशी ते शुद्ध बोलत.

"उत्तम. मशीन कुठे आहे? जरा हातभार लावा."

टेम्पो पाहून दोघातिघांच्या कपाळाला आठी पडली. पण लवू म्हणाला, "तपासूक न्हेतत. धूळ बसली आसा मा." मग काय, सगळ्यांनी खांदे दिले. सगळ्यात पुढचा खांदा गुणाजींचा. मशीन वर चढलं, बायकांनी कुंकू लावलं, चाकापुढे नारळ फुटला. विमलालाही चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. टेम्पो धूर सोडत वळणाआड गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"परत कधी येणार?" गुणाजींनी विचारलं.

"काय?"

"मशीन."

साहेब गोंधळले. "परत कशाला? तुम्हीच न्यायला सांगितलंत. इतकी स्पष्ट मागणी आमच्याकडे कधी येत नाही हो. लोक सारखं हे द्या, ते द्या म्हणतात." आणि त्यांनी वाचून दाखवलं, "तक्रारदार, वय महाराजा. 'दवाखान्यात मशीन पडलं आहे. उचलून समुद्रापल्याड ने. उचल. अरे उचल. घेऊन पळ. पाठी कोणी नाही.' म्हणजे चालवायला पाठीमागे माणूस नाही, असंच ना? आम्ही चौकशी केली, खरंच नव्हता. ज्या दवाखान्यात माणूस आहे आणि मशीन नाही, तिथे पाठवलं."

टाळ्या वाजवणारे हात खाली आले. मग सगळेच एकदम बोलले. ज्या तोंडांनी गुणाजींना शाबासकी दिली होती, त्यांनीच त्यांची पूजा बांधली. "शिरा पडो तुझ्या गाऱ्हाण्यार!" असा शापही कुणीतरी दिला. सुदेश पांढराफटक पडला होता. 'घेवन पळ' कुणी म्हटलं होतं ते त्याला पक्कं माहीत होतं.

"ता मी..." त्याने तोंड उघडलं.

"गप," गुणाजी म्हणाले. "गाऱ्हाणा मी घातलंय. शब्द माझो." आणि त्यांनी विमलाची खुर्ची घराकडे वळवली.

त्या दिवसापासून गुणाजींना मत उरलं नाही. वर्तमानपत्र यायचं आणि घडीसकट पडून राहायचं. सुदेशने गेम काढून टाकला, तरी बाप "बरा केलंस" म्हणाला नाही. लवूच्या गाडीत रस्ता सरता सरेना. लवूने मुद्दाम विमा योजनेचा विषय काढून पाहिला, पक्षांना शिव्या दिल्या, नव्या फोनला सहा कॅमेरे आहेत अशी थापही मारली. पुढच्या सीटवरून नुसतं "हूं" आलं. विमलाला आजारापेक्षा हे जड जाऊ लागलं. पूर्वी ती त्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करत पडून असे, आणि दुर्लक्ष करण्यात वेळ जाई. आता तिला रस्त्यातला प्रत्येक खड्डा कळत होता.

मग लवूच्या सासऱ्यांनीच बातमी दिली. दोडामार्गाच्या अलीकडे एका लहानशा सरकारी दवाखान्यात रक्त धुणारं मशीन सुरू झालं होतं. गोव्याला जायची गरज नव्हती, जवळजवळ अर्धी वाट वाचत होती. गुणाजी नावनोंदणी करून आले, आणि ठरलेल्या दिवशी विमलाला आत नेलं. खाटेशेजारी मशीन उभं होतं. त्याच्या कडेला कुंकवाचं बोट उठलेलं होतं.

लवू पोट धरून हसला. "काका! तुमचा गाऱ्हाणा फळला! फक्त देवान पत्तो चुकवलो!"

विमलाही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून तिला ठसका लागला. सुदेश बाहेर पळाला, त्याला रडू आवरत नव्हतं. चालवणारा माणूस भला होता. त्याने नळ्या लावल्या आणि विमलाचं रक्त आडबंदरच्या मशीनमधून फिरू लागलं.

मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद पाहिले, विमलाची छाती तपासली, पुन्हा कागद पाहिले आणि गुणाजींना बाजूला घेतलं. हृदय आता साथ देत नव्हतं. अशी ओढाताण सहा महिने आधीच थांबली असती तर, असं त्या म्हणत होत्या, पण वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गुणाजी परत येऊन स्टुलावर बसले. विमलाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला डॉक्टरीणबाईंची गरज उरली नाही.

"अवो," ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार गो."

"मी बरी होतलंय? तुमचा मत काय?"

इतक्या वर्षांत तिने कधी त्यांना मत विचारलं नव्हतं. गुणाजींनी सवयीने घसा साफ केला. लवूला वाटलं, आता सुरू होणार. सरकार येईल, पक्ष येतील, फीत येईल.

"माका म्हायत नाय गो," ते म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. "माका कायेक म्हायत नाय."

विमलाने मोकळा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"माझा पण तांच मत," ती म्हणाली. "लग्नापासून पयल्यांदा आपला जुळला."

लवू गाडी पुसायचं निमित्त करून बाहेर गेला. मशीन थांबेपर्यंत गुणाजी तिचा हात धरून बसून राहिले.