आंबटाचं कलम

लग्नात आहेर म्हणून मातीची पिशवी देणारा माणूस आमच्या धामापुरात एकच, नानामास्तर. पिशवीत आंब्याचं कलम. तेही हापूसचं नव्हे, त्यांच्या परसातल्या रायवळ झाडाचं. आंबा असा आंबट, की कावळासुद्धा एक चोच मारून पुढच्या झाडावर जायचा.

"नानानू, हापूस सोडून ह्या आंबटाक कित्याक वाढवतास?" कुणी विचारलंच, तर उत्तर तयार. "हापूस जगभर आसा. ह्येचो डीएनए फक्त माझ्याकडे!"

नाना हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. ते निवृत्त झाले, डीएनए झाला नाही. माझं टक्कल बघून म्हणाले, "तेल चोळू नको रे बाबू. ह्यो तुझ्या आजोळचो डीएनए. फुकट तेलवाल्याचा पोट भरतंस!" बारशाला गेले, की आधी बाळाच्या कानाच्या पाळ्या तपासायचे आणि भर पंगतीत ओरडायचे, "बापाशीच्योच! काळजी नको!" नानी होत्या तोवर त्या सदऱ्याला धरून त्यांना खाली बसवायच्या. नानी वारल्या आणि नानांना आवरणारं कुणी उरलं नाही.

माझ्या वास्तुशांतीलाही कलम आलं. मरेल म्हणून कुंपणाशी लावलं, तर ते फोफावलं. पुढे, दोन हजार आठच्या सुमारास, मी गाडी घेतली. शेडला जागा हवी होती. झाड कापून घेतलं. हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही.

आठवड्याभराने एका दुपारी नाना दारात. त्यांचं मूळ झाड खोड पोखरणारं भिरूड लागून वाळलं होतं. नवं कलम बांधायला काडी हवी म्हणून गावभर फिरले. आहेरातली कलमं लोकांनी केव्हाच मारली होती.

"बाबू, तुझ्याकडचा झाड जिता आसा मा?"

"वाऱ्यान पडला, नाना."

करवतीचा भुसा समोरच होता. नानांनी तो पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. फांद्यांच्या ढिगाऱ्यात बसून, कुठे जीव उरलाय का बघत, ते एकेक काडी नखाने खरवडू लागले.

मला राहवेना. "नाना, ह्येची कोय आसा माझ्याकडे. ती रुजवा."

"कोयीत भायरचो डीएनए मिसळता रे. ता ह्येचा पोर झाला. माका नानीन लावलेला ताच झाड व्हया." मग खाली बघत म्हणाले, "ती दर वर्षी फोड कापून पुढ्यात ठेवी. मी एकदाव खावक नाय. आंबट म्हणान."

एका काडीची साल आतून हिरवी निघाली. ती सुकू नये म्हणून मी फडकं भिजवून आणायला आत पळालो.