जिन्याखालची पेटी बोलेना

"जगात डोळे सगळ्यांना असतात, पण बघणारा एखादाच जन्माला येतो," असं म्हणून सासऱ्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि जिन्याखाली शिरताना ते चपलांच्या रॅकवर आदळले.

जावयाने पडलेल्या चपला मुकाट्याने जोडीजोडीने लावल्या. सासऱ्यांचा सहायक म्हणून त्याची नेमणूक लग्नानंतर लगेचच झाली होती. त्याला कुणी विचारलं नव्हतं. सासरे उभा जन्म घरोघर पाण्याचे मीटर वाचत हिंडले होते. दुसऱ्यांच्या जिन्याखाली डोकावून डोकावून त्यांची अशी खात्री पटली होती, की आपण मुळात गुप्तहेर आणि मीटर हे निव्वळ वेषांतर. निवृत्तीनंतर नाहीशी झालेली उशी, गच्चीवरून गेलेला पायजमा आणि बेल वाजवून पळणारा इसम अशी प्रकरणं त्यांनी हातात घेतली होती. पायजमा सासूबाईंना सापडला. बाकीची प्रकरणं अजून हातातच आहेत.

आजचं प्रकरण मात्र जावयाच्या गळ्याशी आलं होतं.

ऑफिसात मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर आणून त्याने जिन्याखाली घरगुती सर्व्हर उभा केला होता. घरातले फोटो, कागदपत्रं, सगळं त्यात. घरची मंडळी त्याला पेटी म्हणत. सकाळी वीज गेली, वीज आली, पण पेटी काही उठेना. हिरवा दिवा लागे, आत घरघर होई, की पुढे सामसूम. आणि या पेटीत सासूबाईंच्या आईचा आवाज होता. जुन्या कॅसेटवरचं तिचं एक गाणं जावयाने पेटीत उतरवून घेतलं, आणि त्याच दिवशी फीत तुटून टेपरेकॉर्डरच्या पोटात गेली. दुसरी प्रत येत्या रविवारी काढायची होती. असे बरेच रविवार येऊन गेले.

आज सासूबाईंची धाकटी बहीण, घरातली मावशी, कायमची मुलाकडे दूर निघाली होती. संध्याकाळी गाडी येणार होती आणि तिला आईचा आवाज बरोबर न्यायचा होता.

"गेली का हो पेटी, जावईबापू?" सासूबाईंनी जिन्यावरून वाकून विचारलं.

"डिस्क गेली असेल तर मग..." एवढं बोलून जावई थांबला.

"मृत्यू झालेलाच नाही," सासरे म्हणाले. "श्वास चालू आहे. ऐका."

"तो पंखा आहे, बाबा."

"तेच म्हणतोय. पंखा लावून कोण मरतं?"

जावयाने पेटीला स्क्रीन जोडला. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली : बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.

"बूट?" सासरे पुढे सरकले. "कुणाचे?"

"बूट होणं म्हणजे सुरू होणं. उठताना यंत्र आपली सिस्टिम शोधतं. ती त्याला सापडत नाहीये."

"म्हणजे चोरीला गेली. वरचा दंतवैद्य. वीज गेली तेव्हा तो जिन्यात होता."

"दवाखान्यात निघाला होता. रोज जातो."

"रोज जातो ना? मग आजच का गेला?"

जावयाने पेटीची बाजू उघडली, मेमरीची पट्टी उपसली, तिच्या पिवळ्या दात्यांवरून खोडरबर फिरवला आणि ती पुन्हा बसवली. सासऱ्यांनी सूचक मान हलवली.

"दाते," ते हळूच म्हणाले. "मी काही बोलत नाही."

पट्टी बसली, पेटी घुमली, तीच ओळ आली. जावयाने डिस्कची केबल बदलली. तीच ओळ. पेटीची पाठ भिंतीला चिकटून होती. तो म्हणाला, "एकदा मागून बघतो."

"मागची बाजू मी स्वतः तपासली आहे. संशयास्पद काही नाही," सासरे म्हणाले. मग बायकोकडे वळून त्यांनी आवाज खर्जात नेला. "सकाळी इथे झाडू कोण मारत होतं?"

"तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "आणि अर्धवट मारलात."

साक्षीदार फितूर झाल्यामुळे तपास थोडा वेळ थांबला. तेवढ्यात मावशी बॅग ओढत आली. जिन्याखालून बाहेर आलेले चार पाय तिने पाहिले आणि काय ते ओळखलं.

"नाही होणार?"

जावयाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"असू दे," मावशी म्हणाली. "आईचा आवाज मला तसाही ऐकू येतो. आताशा तो माझ्याच आवाजात येतो, एवढंच." मग पदराने नाक पुसून तिने हात पुढे केला. "माझा तो पेन ड्राइव्ह तेवढा द्या. मुलाने त्यात कागदपत्रं भरून आणायला सांगितलीत."

"कुठला पेन ड्राइव्ह?" जावयाने विचारलं.

"तो होय," सासरे म्हणाले. "तो मी पहाटेच पेटीला लावून ठेवलाय. मागे. म्हटलं, गाणं भरायला ऐन वेळी खोळंबा नको."

जावई त्यांच्याकडे बघत राहिला. "मागे संशयास्पद काही नाही म्हणालात."

"नव्हतंच. मीच लावलेला तो. स्वतःवर कसा संशय घेणार माणूस?"

मावशीचा हात बारीक. तो भिंत आणि पेटी यांच्या फटीत सहज गेला आणि पेन ड्राइव्ह घेऊन बाहेर आला. जावयाने बटण दाबलं. पडद्यावर ओळींमागून ओळी सरसर धावल्या आणि पेटी झोप पुरी झाल्यासारखी उठली. वीज आल्यावर ती बिचारी आधी त्या रिकाम्या पेन ड्राइव्हच्या दारात गेली होती, आणि कुणी उघडेल म्हणून तिथेच उभी होती.

जावयाने आधी प्रत काढली. मग दुसरी काढली. मग सगळ्यांना ऐकू येईल असं गाणं लावलं.

"या प्रकरणाची मेख अशी," सासरे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "की गुन्हेगार आपल्यातलाच होता, हे मी पहिल्यापासून—"

"म्हणजे कसं मावशी, यंत्र आधी बाहेरच्या ड्राइव्हकडे बघतं," जावई सुटकेच्या भरात दुसऱ्या बाजूने समजावू लागला, "तो क्रम आपण बदलला की—"

पेटीतून जुन्या फितीची घरघर आली. कुणीतरी घसा साफ केला. एक बारीक, किंचित थरथरता सूर लागला आणि दोन्ही बहिणींनी एकमेकींचा हात धरला. मागून कुठूनतरी एक तरुण पुरुषी आवाज ठणठणीतपणे सांगत होता, "आता हे तांबडं बटण आहे ना, याची मेख अशी..."

सूर थांबला.

"जावईबापू," म्हातारीचा आवाज अगदी मायेने म्हणाला, "दोन मिनिटं गप्प बसता का?"

जिन्याखालचे दोन्ही जावई गप्प बसले.