उपरोधाची छत्री

वामनराव घरात छत्री उघडत. पाऊस असो, नसो. उपरोधानं बोलायचं झालं की आधी छत्री उघडायची, वाक्य पुरं करायचं, मग मिटायची. "वा, चहा भलताच गोड झाला वं!" असं छत्रीखालून आलं की काकू निमूट साखर आणत.

आमच्या मोहल्ल्यात पानठेल्याशेजारी एक फळा होता. सदर भागातल्या आपल्या कचेरीत जाण्याआधी वामनराव त्यावर लिहीत: "तीन दिवस नळ कोरडा. घसरून पडायचं भय गेलं. आभारी आहोत." खाली खडूची छत्री. ती नसती, तर आमच्या गल्लीनं खरोखरच आभाराचा ठराव केला असता.

पुढे छत्रीची साथच आली. शेजारच्या गणपतरावांनी माझ्या टकलाबद्दल फळ्यावर वाट्टेल ते लिहिलं आणि खाली छत्री काढली. वर मलाच म्हणाले, "छत्री हाय ना गा, मंग काहून चिडून राहिला?"

वामनरावांनी फळा स्वतःच्या धोतरानं पुसला. "शिवीवर छत्री धरली म्हून थे उपरोध होत नाही! ज्याले आपला जीव ठाऊक हाय, त्याच्याशीच असं बोलावं."

वामनराव एवढे का पेटले, ते मला त्यांच्या मुलीच्या, शालूच्या लग्नाआधी कळलं. त्यांचा धाकटा भाऊ सुदाम नोकरीसाठी कन्हानला निघाला, तेव्हा रडू फुटू नये म्हणून वामनराव म्हणाले होते, "जा एकदाचा, घर मोकळं होईल!" सुदामनं ते खरंच धरलं. नऊ वर्षं फिरकला नाही. छत्री तेव्हापासूनची.

लग्नाची पत्रिका घेऊन कन्हानला मीच गेलो. कोपऱ्यात वामनरावांचं अक्षर होतं: "नाही आला तरी चालते." खाली छत्री.

"हे काय हाय?" सुदामनं विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यानं पत्रिका घडी करून खिशात घातली आणि तो कामावर निघून गेला. मी जड मनानं परतलो.

लग्नाच्या दिवशी वामनरावांच्या हातात अक्षता होत्या आणि डोळे रस्त्यावर. मंगलाष्टकं सुरू होणार, तेवढ्यात एक उघडी काळी छत्री थेट मंडपात शिरली. लोक ओरडले, "अरे, मिटवा ना गा!" छत्रीखाली सुदाम होता.

"दादा, मी काही आलो नाही."

"मले तरी कुठं आनंद झाला?" म्हणत वामनराव छत्रीखाली घुसले आणि त्यांनी भावाला घट्ट मिठी मारली.

मुहूर्त टळत होता, पण छत्री मिटवा म्हणायची आता कुणाची छाती होईना. गणपतराव तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते, आणि तेही बिनछत्रीचं.