केसरीनाथाच्या हातचा जवळा

शेलार गावच्या केसरीनाथाला एकच खोड. सुका जवळा करायची त्याची बायको कमळा, आणि पाहुण्यांपुढे मिशीवरून बोट फिरवायचा हा. "मसाला मी सांगितलेला," म्हणायचा. तीस वर्षं कमळाने ऐकून घेतलं. (तीस वर्षांत किती जवळा झाला असेल, ते त्या खाडीलाच ठाऊक.)

त्या दिवाळीत मात्र गडी फारच फुगला. लेकीच्या सासऱ्यांना म्हणाला, "दाजी, पातीच्या कांद्यातला जवळा खावा तर माझ्या हातचा."

दाजी म्हणाले, "मग रविवारी येतोच."

रविवारी कमळा पहाटेच नटूनथटून तयार. वज्रेश्वरीला भाचीकडे बारसं होतं.

"अगं, आज दाजी यायचेत," केसरीनाथ म्हणाला.

"तर काय झालं? हात तुमचाच हाय ना? जवळा डब्यात हाय. पात तेवढी सकाळीच आणा, तीन जुड्या."

ती गेली आणि केसरीनाथ पुन्हा आडवा झाला. भिवंडीच्या बाजारात पोचला तेव्हा दहा वाजून गेलेले.

भाजीवाला म्हणाला, "चाचा, हरा प्याज तो आठ बजे ही खतम."

खिशात लेकाने दिलेला मोबाईल होता. पण कमळाला विचारायचं, म्हणजे तीस वर्षांची अब्रू गेली. त्याने डोकं चालवलं. पात तरी कुणाची, कांद्याचीच ना? मग कांदाच घालू. तीन जुड्या किलोभर भरतात, म्हणून कांदाही किलोभर घेतला.

तो किलोभर कांदा शिजून खिरीसारखा झाला. जवळा त्यात कुठे बुडाला, पत्ता नाही. गोड लागला म्हणून मिरची घातली, ठसका लागला म्हणून पाणी. तरी पातीचा हिरवा रंग कुठून आणायचा? परसात न्हाणीच्या पाण्यावर लांब हिरवीगार पाती डुलत होती. केसरीनाथाने मूठभर कापली, बारीक चिरली आणि कढईत लोटली.

तो होता गवती चहा.

दाजी जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि थांबले. व्याह्याच्या पाटावर बसून वाईट बोलायचं नाही, म्हणून तांब्याभर पाण्यावर दीड भाकरी उतरवली. तेवढ्यात कमळा आली. दारातच तिने नाक वर केलं. परसातलं भादरलेलं गवत पाहिलं, कढईतलं बोटभर चाखलं, आणि विचारलं,

"दाजी, चहा टाकू?"

"नको वयनी, आत्ताच जेवलो की."

कमळाने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "खरं सांगते दाजी, माझा हातसुद्धा लागला न्हाय याला. सगळं यांचंच."

दाजींनी घाम पुसला. "आता तरी सांगा व्याही, मसाला कुणाचा?"

केसरीनाथाने मिशीकडे नेलेलं बोट हळूच खाली घेतलं.

"मसाला," तो म्हणाला, "हिनं सांगितलेला."